कपाटाची किल्ली



मागच्या महिन्यात कराडच्या एका भगिनीचे पत्र आले. मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. लिहितात, "मोबाईल दिला की दोन तास आवाज नाही आणि पुस्तक दिले की लगेच पोट दुखते. आपा, त्याला वाचनाची गोडी लागेल असे एखादे पुस्तक सुचवा. किंमत कितीही असो, त्याचे अब्बा आणून देतील."

पत्र वाचून मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. का, ते सांगते. पुस्तकाचे नाव सुचवणे सोपे आहे. पण चौथीतले मूल दिवसाचे पाच-सहा तास वर्गात असते आणि वाचन म्हणजे काय याची त्याची समजूत तिथेच तयार होते. तिथे ती बिघडली असेल तर घरी आणलेले महागडे पुस्तक फ्रिजवरच राहते. आणि ही समजूत बिघडवणाऱ्यांत मीही होते.

उंब्रज परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून माझी निम्म्याहून जास्त नोकरी झाली. एका शाळेत पाचवीच्या वर्गात लोखंडी कपाट होते. आत शे-दीडशे गोष्टीची पुस्तके, चांगली रंगीत, शिक्का मारलेली, नंबर टाकलेली. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, पुस्तके मोजून घेतली जातात आणि एखादे कमी भरले तर ते आपल्या गळ्यात पडेल, ही धास्ती प्रत्येक शिक्षकाला असते. मुले पुस्तके फाडतात, घरी नेली तर धाकटी भावंडे त्यावर रेघोट्या मारतात. त्यापेक्षा कुलूप बरे. साहेब तपासणीला आले की मी कपाट उघडून दाखवत असे. पुस्तके नव्यासारखी दिसत. साहेब खूश, मीही खूश.

१५ ऑक्टोबरला मात्र कपाट उघडायचे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा तो जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. रामेश्वरममध्ये लहानपणी वर्तमानपत्रे वाटणारा मुलगा पुढे राष्ट्रपती झाला, हे भाषणात सांगायचे. सतरंजीवर पुस्तके मांडायची, मुलांना ओळीने बसवायचे, फोटो काढायचे. त्याच तारखेला जागतिक हात धुवा दिन असतो, त्यामुळे पुस्तके आवरून मुलांना नळावर न्यायचे. त्याचेही फोटो. दुपारपर्यंत दोन्ही दिवस साजरे झालेले आणि पुस्तके परत कुलपात. कलामसाहेबांच्या नावाने एवढे चालले होते आणि त्यात मला काही वावगे वाटत नव्हते.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तक असते ते वापरण्यासाठी. इतकी साधी गोष्ट नियम करून का सांगावी लागली? कारण जुन्या काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत. पुस्तक जपणे हेच ग्रंथपालाचे काम समजले जाई. हे मी फार उशिरा वाचले. साखळीच्या जागी माझे कुलूप होते, एवढाच फरक.

२०१६ सालची गोष्ट. पाचवीत एक मुलगी होती. तिच्या वडिलांचा स्टँडजवळ फळांचा गाडा. घरात बोली आपली, दखनी. पाठ वाचायला उभे केले की ती न अडखळता, एका दमात, मोठ्या आवाजात वाचायची. पूर्णविराम आला तरी थांबायची नाही. वाचून झाले की मी विचारायची, "मग त्या म्हातारीचं काय झालं?" ती खाली बघायची. पुन्हा विचारले तर हळूच म्हणायची, "मेरे कू आता नै, बाई." वर्ग हसायचा. मी "अभ्यास करत जा" म्हणून बसवायची. तोंडी परीक्षेत मात्र वाचनाचे पूर्ण गुण द्यायची, कारण वाचन अस्खलित होते.

असे वाचन मी दुसरीकडेही ऐकले होते. आपली मुले सकाळी मकतबमध्ये कायदा शिकतात. सात-आठ वर्षांचे मूल जबर, जेर, पेश ओळखून, अक्षर गळ्यातून काढायचे की ओठांतून हे सांभाळून तिलावत करते. तिथे अर्थ हा पुढचा सबक आहे हे उस्तादांना, आई-वडिलांना आणि मुलालाही ठाऊक असते. कोणी कोणाला फसवत नाही. शाळेतल्या मराठीचे तसे नव्हते. मुलीला अर्थ कळत नव्हता आणि मी तिला वाचता येते असे प्रगतिपुस्तकात लिहीत होते. यात मकतबकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही. एक लिपी अचूक वाचायला शिकलेले मूल दुसरी लिपी लवकर उचलते, हा माझा अनुभव आहे. पण अक्षर ओळखणे आणि वाचणे या दोन गोष्टी आहेत हे मला कळायला हवे होते. बी.एड. मी झाले होते, ती नाही.

हे एका शाळेचे दुखणे नाही. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातला यादगीर, या दोन तालुक्यांत पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करून अभ्यासकांनी २०१७ मध्ये अहवाल काढला. त्यात दिसले ते आपण सर्वांनी पाहिलेलेच आहे. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात, फळ्यावरचे उतरवून काढण्यात जातो आणि वाचलेल्यावर बोलणे फार थोडे होते. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची निम्मी मुलेसुद्धा दुसरीचा उतारा वाचू शकली नाहीत. ज्या मुलाला वाचलेले कळत नाही त्याला वाचनाची गोडी लागावी, अशी अपेक्षा आपण करतो. ज्या गाण्याचा सूरच ऐकू येत नाही ते आवडावे, असे म्हणण्यासारखे आहे.

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात कितीतरी वर्षे आधी शोधले गेले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ पासून आहे. ती उभी करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन जन्माने अमेरिकन. १९६१ साली भारतात आल्या, पुढे फलटणला राहिल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. अमेरिकेतल्या विद्यापीठाला त्यांनी १९७३ साली जो प्रबंध सादर केला तो फलटणच्या बोलीवर होता. गावात कोण कशी मराठी बोलतो, एकाच गावातल्या माणसांच्या बोलण्यात फरक का पडतो, याचा अभ्यास. म्हणजे घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत अंतर असते, हे त्यांनी मुलांना शिकवायच्या आधीच कान देऊन ऐकले होते. फलटणच्या वस्त्यांतल्या, शाळा सुटलेल्या मुलांना वाचायला शिकवताना त्यांनी क, ख, ग, घ हा क्रम बाजूला ठेवला. ज्या थोड्या अक्षरांतून आणि मात्रांतून लगेच खरे शब्द तयार होतात ती आधी घ्यायची, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मूल अर्थ असलेले काहीतरी वाचते.

ही युक्ती घरी करून पाहा. क, म, ल, र एवढी चार अक्षरे आणि एक काना घ्या. काम, माल, मला, कमाल, कर, मार, मालक, कामाला. कलामसुद्धा! 'ङ'पर्यंत पोचायच्या आत मूल "मला काम कर" वाचून हसते. चुकीचे वाक्य आहे म्हणून हसते, म्हणजे त्याला कळले. तेच तर हवे.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने तिच्या अनुभवाचे पुस्तक १९६३ मध्ये लिहिले. ती रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायची, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायची. तो शब्द त्याचा. मी हे पाचवीत करून पाहिले, कारण माझ्या वर्गात पाचवीत असूनही पहिलीतच अडकलेली पाच-सहा मुले होती. कोणी 'ट्रॅक्टर' मागितला, कोणी 'शिरखुर्मा', एकाने 'आई'. आमच्या या मुलीने 'तराजू' मागितला. मी लिहून दिला. दुसऱ्या दिवशी 'तराजू' परत आला तेव्हा खाली तिने स्वतः लिहिले होते, 'अब्बा का'. देवनागरीत, आपल्या बोलीत. वर्षभरात तिने माझ्या सांगण्याशिवाय लिहिलेले ते पहिले दोन शब्द. त्याखाली लाल पेन चालवण्याचा मोह मी कसा आवरला ते माझे मला माहीत.

मग किल्लीचा प्रश्न आला. मुख्याध्यापकांशी बोलले. ते म्हणाले, "हरवली तर?" मी म्हटले, "माझ्या पगारातून." ते म्हणाले, "मग माझी हरकत नाही." असे माझ्या खर्चाने आमच्या वर्गाचे ग्रंथालय सुरू झाले. कुलूप काढले. पुस्तके कपाटात पाठ दाखवून उभी असतात, ती मुलांना दिसतच नाहीत. म्हणून खिडकीच्या गजाला दोरी बांधून त्यावर कपड्यांसारखी मधोमध उघडून टाकली, मुखपृष्ठ दिसेल अशी. नोंदवही मुलांकडेच. दर आठवड्याला दोन ग्रंथपाल, त्यातला एक मुद्दाम वर्गातला सर्वांत दांडगा. तो वसुली माझ्यापेक्षा चांगली करायचा.

दुपारची खिचडी झाली की मुले सुस्तावतात, त्या वेळी गणित घेऊन उपयोग नसतो. ती दहा-पंधरा मिनिटे मी वाचून दाखवायला ठेवली. रोज. यातली खुबी मला गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मध्ये सापडली. भावनगरच्या या शिक्षकाने १९३० च्या दशकात ते गुजरातीत लिहिले. त्यातला मास्तर दंगेखोर वर्गासमोर पहिल्या दिवशी पुस्तक काढत नाही, गोष्ट सुरू करतो. हळूहळू वर्गात गोष्टीची पुस्तके येतात. आधी गोष्टीची ओढ, मग पुस्तक. मी गोष्ट ऐन रंगात आली की थांबायची, पुस्तक टेबलावर तसेच उघडे ठेवायची आणि काहीतरी काम काढून ऑफिसात जायची. परत येईपर्यंत टेबलाभोवती गर्दी जमलेली असायची. एकजण वाचतोय, बाकीचे "पुढं, पुढं" करतायत.

एक नियम मी स्वतःला घातला होता. गोष्ट संपली की 'यातून काय बोध मिळाला?' विचारायचे नाही. हे विचारल्याशिवाय आपल्याकडे शिक्षकाला चैन पडत नाही. आणि अम्मीलाही. मोठी माणसे टीव्हीवर मालिका बघतात, संपल्यावर त्यांना कोणी तात्पर्य लिहायला सांगत नाही. आवडले नाही तर अर्ध्यात टाकायची मुभा होती. एकच पुस्तक सात वेळा न्यायचीही होती. एक मुलगा महिनाभर हत्तीचे एकच पुस्तक नेत होता. आधी मला वाटले टाळाटाळ करतोय. नंतर लक्षात आले, ते एक पुस्तक त्याला पूर्ण येत होते आणि येत असलेले वाचण्याचा आनंद तो पहिल्यांदाच घेत होता.

मध्येच माझ्याकडून एक घोळ झाला. उत्साहाच्या भरात मी भिंतीवर तक्ता लावला. एक पुस्तक वाचले की एक सोनेरी तारा. आठ दिवसांत तारेच तारे. जरा निरखून पाहिले तर मुले सर्वांत पातळ पुस्तके शोधून नेत होती आणि मधल्या सुट्टीत परत आणत होती. अमेरिकेत १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. चित्रे काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधीच सांगितले, चित्र काढाल तर सोनेरी तारा लावलेले प्रमाणपत्र मिळेल. मिळालेही. पण काही दिवसांनी बक्षीस नसताना तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. पुढे २००८ मध्ये तिसरीच्या मुलांवर वाचनाचा असाच प्रयोग झाला. बक्षीस म्हणून पुस्तकच दिले तर वाचनाची ओढ टिकली, किरकोळ वस्तू दिल्या तर घटली. मी तक्ता काढला तेव्हा एकाने विचारले, "बाई, आता तारा नाही तर कशाला वाचू?" त्याची ती वाट मीच वाकडी केली होती. तो वर्षअखेरपर्यंत पुन्हा पुस्तकाकडे फिरकला नाही. सगळ्यांचे जमले असे मी म्हणणार नाही.

फळवाल्याच्या मुलीचे मात्र वेगळेच झाले. ती रोज एक पुस्तक घरी नेऊ लागली. मला वाटले नुसती चित्रे बघत असेल. एकदा गाड्यावर पेरू घ्यायला गेले तर ती मागे पोत्यावर बसलेली, शेजारी तिची दादी. मुलगी मराठीतले एक वाक्य वाचायची, थांबायची आणि तेच दादीला आपल्या बोलीत सांगायची. पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबा. दादीला मराठी कळत नव्हते असे नाही. बाजारात आयुष्य गेलेले. पण गोष्ट तिला आपल्या बोलीत हवी होती. आणि पूर्णविरामाला कधीही न थांबणारी मुलगी प्रत्येक वाक्याला थांबत होती, कारण आता तिला पुढच्या माणसाला काहीतरी सांगायचे होते. जी बोली वर्गात हसण्यावारी नेली जायची तिच्यातूनच तिला मराठी उमगत होती. मी पेरू न घेताच परत आले. दुसऱ्या दिवसापासून वर्गात सांगितले, वाचलेली गोष्ट घरी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत सांगा. एका मुलाने वडारी बोलीत सांगितली. कोणाला शब्द कळला नाही, तरी सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता.

पावसाळ्यात तिचे अब्बा शाळेत आले. पहिल्या भेटीत याच गृहस्थांनी मला सांगितले होते की सातवी झाली की बस, पुढे घरकाम. हातात भिजून फुगलेले पुस्तक. "मॅडम, किताब भीग गई. कितना भरना?" मी म्हटले, काही नाही, वापरात भिजले ना, मग झाले. ते थोडे घुटमळले. म्हणाले, "अम्मा पूछती, आगे क्या हुआ. दूसरी देव." ती मुलगी पुढे दहावी झाली. त्यानंतरचे मला माहीत नाही, माझी बदली झाली होती. चार्ज देताना पाच पुस्तके कमी भरली. त्यांचे पैसे मी भरले आणि पावती जपून ठेवली आहे.

आता कराडच्या भगिनींना. पुस्तकांची वानवा हा आजचा प्रश्न नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत, हिंदीत, उर्दूत चित्रांच्या गोष्टी आहेत, त्याही फुकट. ज्या मोबाईलवर तुम्ही रागावलात त्यावरच त्या उघडतात. सुट्टीत भिलारला जाऊन या. महाबळेश्वर तालुक्यातले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. लोकांच्या घरांत पुस्तके मांडलेली असतात आणि कोणीही बसून वाचू शकतो. उंब्रजहून दोन-अडीच तास लागतात.

पण त्याआधी मुलाच्या शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तके हवीत, असे लिहिलेले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळांना पुस्तकांसाठी अनुदानाची तरतूद आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. आपल्या भगिनी तिथे सह्या करून चहा पिऊन येतात, बोलत नाहीत. "मराठी नीट येत नाही" म्हणून संकोचतात. आपल्या बोलीत बोला, गुरुजींना कळते. भांडायला जाऊ नका. शिक्षकाला हरवलेल्या पुस्तकाची धास्ती असते, ती खरी आहे. समितीत ठराव करून घ्या की वर्षाला अमुक पुस्तके फाटली, हरवली तर शिक्षकाकडून वसुली नाही. एवढ्या एका ठरावाने पुष्कळ कपाटे उघडतील, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते. मला त्या काळी असा ठराव कोणी दिला असता तर मी कुलूप पाच वर्षे आधी काढले असते.

आणि रोज मगरिबनंतर, भाकरी टाकायच्या आधी, दहा मिनिटे त्याला जवळ घेऊन तुम्हीच वाचून दाखवा. तो चौथीत आहे म्हणून मोठा झाला असे समजू नका. वाचता येत नसेल तर त्याला वाचायला सांगून तुम्ही ऐका आणि अधूनमधून विचारा, "आगे क्या हुआ?"

पुस्तकाचे नाव मी पुढच्या पत्राला उत्तर देताना सुचवीन, इन्शाअल्लाह. त्या पत्रात एवढे मात्र कळवा, की मुलाच्या वर्गात कपाट आहे का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते.